लपलेल्या नशेची मोजदाद

अंमली पदार्थांच्या वापरावर सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने नजर ठेवणे हे साथरोगशास्त्राचेच एक अंग आहे. कोणता पदार्थ, कोणत्या वयाची माणसे, कोणत्या मार्गाने घेत आहेत आणि गेल्या वर्षापेक्षा त्यात काय फरक पडला, हे सतत आणि एकाच पद्धतीने पाहत राहणे, असा या कामाचा साधा अर्थ. हिवतापाच्या किंवा क्षयाच्या नोंदींपेक्षा ते अवघड आहे, कारण तापाने फणफणलेला माणूस आपण होऊन दवाखान्यात येतो, गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन) ओढणारा येत नाही. तो स्वतः लपवतो, घरचे झाकून ठेवतात आणि कायदाही त्याला लपायला लावतो. 1985 च्या अंमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याने नुसते सेवनही शिक्षेस पात्र ठरवले आहे. त्यामुळे इथे मोजणीच्या तंत्राइतकेच महत्त्व मोजल्या जाणाऱ्या माणसाच्या विश्वासाला आहे.

‘नशा करणारे किती?’ हा प्रश्न वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळात आधी विचारला जातो. दवाखाना चालवणाऱ्यांना मात्र ‘बदल कशात झाला?’ या प्रश्नाचे उत्तर जास्त उपयोगी पडते. एखाद्या गावात गर्द घेणाऱ्यांची संख्या तीच राहिली, पण पन्नीवर ओढणारे सुई टोचून घेऊ लागले, तर एकूण आकडा जागचा हलत नाही आणि धोका मात्र अनेक पटींनी वाढतो. एचआयव्ही आणि कावीळ एकाच सिरिंजमधून फिरू लागतात, मात्रा जास्त होऊन श्वास थांबण्याचे प्रसंग वाढतात. हा बदल सहा महिन्यांत कळला तर उपाय करता येतो. सहा वर्षांनी कळला तर तो अहवालातल्या तक्त्यापुरता उरतो.

भारतात देशपातळीवरची मोठी मोजणी दोनदा झाली आहे. पहिलीचा अहवाल 2004 मध्ये आला. त्यातल्या घरोघरच्या पाहणीत 12 ते 60 वयाच्या सुमारे 40 हजार पुरुषांना प्रश्न विचारले गेले. स्त्रिया त्या पाहणीत नव्हत्या. दुसरी मोजणी सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केली आणि तिचा अहवाल 2019 च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. तिचा आवाका फार मोठा होता. 186 जिल्ह्यांतील 2,00,111 घरांत जाऊन 10 ते 75 वयाच्या 4,73,569 स्त्री-पुरुषांच्या मुलाखती घेण्यात आल्या. दारू पिणारे 14.6 टक्के, म्हणजे सुमारे 16 कोटी निघाले. भांग, गांजा आणि चरस मिळून 2.8 टक्के, तर अफू, हेरॉइन आणि वेदनाशामक औषधे या अफूवर्गीय पदार्थांचे सेवन करणारे 2.1 टक्के, म्हणजे सुमारे 2 कोटी 26 लाख होते. यांतल्या सुमारे 77 लाख लोकांना या सेवनापायी उपचाराची गरज होती. ज्या मोजक्या राज्यांत यांतले निम्म्याहून अधिक लोक राहतात, त्यांत उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा, दिल्ली यांच्याबरोबर महाराष्ट्राचेही नाव आहे. ही गोष्ट मराठी वाचकाच्या कानावर सहसा आलेली नसते. ‘पंजाबचा प्रश्न’ म्हणून जो बाजूला सारला जातो, तो संख्येच्या हिशेबात आपल्याही दारात आहे.

या दोन अहवालांची तुलना करायला गेले की देखरेख आणि पाहणी यांतला फरक लक्षात येतो. पहिल्या पाहणीत दारू पिणारे पुरुष 21.4 टक्के होते, दुसऱ्या पाहणीत 27.3 टक्के. म्हणजे पिणे वाढले का? तसे छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण वयोगट वेगळे होते, नमुन्याची रचना वेगळी होती. अफूवर्गीय पदार्थांत पूर्वी अफूचा वाटा सर्वाधिक होता आणि नंतर हेरॉइन पुढे गेले, हा बदल मात्र निर्विवाद आहे. त्याचे गांभीर्यही मोठे, कारण हेरॉइन अफूपेक्षा कितीतरी तीव्र आणि व्यसन लवकर जडवणारे. पण ही अदलाबदल कोणत्या वर्षी, कोणत्या भागात सुरू झाली आणि कुठून कुठे पसरली, याचे उत्तर दोन्ही अहवालांत नाही. पंधरा वर्षांच्या अंतराने केलेल्या दोन मोजण्यांच्या मधला काळ कोराच राहतो.

घरोघरच्या पाहणीची स्वतःची एक मर्यादा आहे. दुपारच्या वेळी पाहणी करणारी व्यक्ती दोन खोल्यांच्या घरात बसलेली असते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी, धाकटी बहीण आत-बाहेर करते आहे. अशा वेळी वीस वर्षांच्या मुलाला ‘गर्द कधी घेतली का?’ असे विचारले तर उत्तर ठरलेले असते. दारूबद्दल लोक बऱ्यापैकी खरे सांगतात, भांगेबद्दलही सांगतात, पण सुईबद्दल सांगत नाहीत. शिवाय प्रश्न ज्या शब्दांत विचारला जातो त्यावरही पुष्कळ अवलंबून असते. मालेगाव किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वस्तीत अल्प्राझोलाम हे शामक गोळीचे नाव कुणी ओळखणार नाही, ‘कुत्ता गोळी’ म्हटले की सगळ्यांना कळते. आणि ज्यांचे घरच नाही ते तर या पाहणीत येतच नाहीत. फुटपाथवर, उड्डाणपुलाखाली, रेल्वे यार्डात, तुरुंगात किंवा बांधकामाच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणारी माणसे घरांच्या यादीत नसतात, आणि नशेचे सर्वात तीव्र प्रकार तर नेमके तिथे आढळतात.

म्हणून दुसऱ्या मोजणीच्या 2018 मधल्या क्षेत्रकामात घरांच्या जोडीला दुसरी वाट धरण्यात आली. डग्लस हेकाथॉर्न या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1997 मध्ये मांडलेली ही पद्धत ओळखीच्या साखळीवर चालते. आधी मोजक्या व्यसनी व्यक्तींना गाठायचे, त्यांची मुलाखत घ्यायची आणि प्रत्येकाच्या हाती दोन-तीन कुपने द्यायची. तो ती कुपने आपल्याबरोबर नशा करणाऱ्यांना देतो, ते येतात, त्यांनाही कुपने मिळतात. वेळ दिल्याबद्दल थोडा मोबदला असतो. प्रत्येकाला त्याच्या ओळखीची अशी किती माणसे आहेत हेही विचारले जाते, कारण शंभरजणांना ओळखणारा नमुन्यात येण्याची शक्यता पाचजणांना ओळखणाऱ्यापेक्षा जास्त असते आणि हिशेबात तेवढी वजावट करावी लागते. अशा काही फेऱ्या झाल्या की सुरुवात कुणापासून केली याचा प्रभाव विरत जातो. 135 जिल्ह्यांत 72,642 माणसे या मार्गाने भेटली. पोलीस ज्यांना हुडकू शकत नाहीत, त्यांना त्यांचे मित्र कुपन देऊन घेऊन आले. या कामातली ही फार मोलाची गोष्ट आहे.

साखळीतून माणसे भेटली तरी एकूण संख्या कळत नाही. तिच्यासाठी गुणकाचा हिशेब करतात. समजा, एका शहरातल्या व्यसनमुक्ती केंद्रांत वर्षभरात गर्दच्या 800 रुग्णांची नोंद झाली. साखळीतून भेटलेल्यांना ‘गेल्या वर्षात तुम्ही या केंद्रांत गेला होतात का?’ असे विचारले आणि शंभरातल्या चौघांनी हो म्हटले. मग 800 हे एकूण संख्येच्या 4 टक्के झाले, म्हणजे शहरात सुमारे 20 हजार लोक असावेत. हिशेब शाळकरी आहे, पण त्याचा सगळा भार केंद्राच्या नोंदवहीवर पडतो. तिथे प्रत्येक रुग्ण तीन-तीनदा नोंदला गेला असेल तर शहराचा आकडा तिप्पट फुगतो.

याच तऱ्हेच्या हिशेबाने पंजाबात 2015 मध्ये काय साधले ते पाहण्यासारखे आहे. त्या काळात राज्यातले 70 टक्के तरुण नशेत बुडाले आहेत असे सर्रास बोलले जात होते. एम्स आणि एसपीवायएम या संस्थेने दहा जिल्ह्यांत केलेल्या पाहणीतून अफूवर्गीय पदार्थांवर अवलंबून असलेल्यांची संख्या सुमारे 2 लाख 32 हजार निघाली. पावणेतीन कोटी लोकसंख्येच्या राज्यात हा आकडा भयंकरच आहे, पण त्यावर उपचाराची योजना आखता येते. 70 टक्क्यांवर फक्त भाषण करता येते. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट समोर आली. 80 टक्क्यांहून अधिक लोकांनी नशा सोडण्याचा प्रयत्न केला होता आणि मदत मिळाली होती जेमतेम 35 टक्क्यांना. ‘यांना सोडायचेच नसते’ असे म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

उपचारासाठी येणाऱ्यांच्या नोंदी हा या कामाचा दुसरा आधार. महाराष्ट्राला त्याची ओळख फार लवकर झाली. 1980 च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर पसरली, तेव्हा ती कोणत्याही सरकारी तक्त्यात दिसण्याआधी मनोविकारतज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागात आणि कार्यकर्त्यांच्या नजरेत आली. अनिल अवचटांनी गर्दुल्ल्यांमध्ये वावरून जे लिहिले, त्यातून ‘गर्द’ हा शब्द मध्यमवर्गीय घरांत पोचला. डॉ. अनिता अवचट आणि त्यांनी 1986 मध्ये पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात मुक्तांगण सुरू केले. केंद्राच्या केसपेपरवर पहिल्यांदा नशा केली तेव्हाचे वय, पदार्थांचा क्रम, घेण्याची रीत, शेवटची टर्की (नशा न मिळाल्याने होणारा त्रास) कधी लागली, याआधी कितीदा दाखल झाला, हे सारे लिहिलेले असते. देखरेखीसाठी त्यांतले पहिल्यांदाच दाखल होणारे रुग्ण वेगळे काढून पाहायचे असतात. त्यांचे सरासरी वय घसरू लागले किंवा दारूच्या जागी गोळ्या येऊ लागल्या, तर बाहेर काहीतरी हलले आहे. मात्र ही खूण उशिरा येते. नशा सुरू होणे आणि केंद्राची पायरी चढणे यांत कित्येक वर्षे जातात, आणि त्या काळात नवी पिढी दुसऱ्याच पदार्थाला लागलेली असते. स्त्रिया तर केंद्रापर्यंत फारच क्वचित पोचतात, म्हणून केंद्रांतल्या त्यांच्या अल्प संख्येवरून त्यांच्यातल्या वापराचा अंदाज कधीही बांधू नये.

संसर्गाची नोंद याहून वेगाने बोलते. मणिपुरात म्यानमारच्या सरहद्दीवरून येणारे हेरॉइन तरुण मुले टोचून घेत होती. 1989 च्या सप्टेंबरपर्यंत त्यांच्या रक्तनमुन्यांत एचआयव्ही सापडत नव्हता. पुढच्या सुमारे सहा महिन्यांत तपासलेल्यांपैकी निम्म्यांत तो आढळला. जगात एवढ्या वेगाने पसरलेल्या साथी थोड्याच आहेत. नमुने तपासण्याची सोय तिथे आधीपासून होती म्हणून साथ सुरू होण्याचा क्षण तरी नोंदला गेला. नंतर स्वच्छ सुया पुरवण्याचे आणि ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध देण्याचे कार्यक्रम उभे राहिले. 1998 पासून देशभर होणाऱ्या एचआयव्ही पाहणीत सुईने नशा घेणारे हा स्वतंत्र गट आहे. 2017 च्या फेरीत त्यांच्यातले प्रमाण सुमारे 6.3 टक्के होते, तर सर्वसाधारण प्रौढांत 0.22 टक्के. अंमली पदार्थांच्या बाबतीत नेमाने आणि सारख्याच पद्धतीने चालणारी मोजणी आपल्याकडे कुठे झाली असेल तर ती इथे, आणि तीही एड्सच्या धाकाने.

मृत्यूंच्या नोंदीत आपण फार कच्चे आहोत. संशयास्पद मृत्यूत शवविच्छेदन होते, ‘व्हिसेरा राखून ठेवला’ असे डॉक्टर लिहितात, बरणी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाते आणि अहवाल कित्येक महिन्यांनी पोलीस ठाण्याच्या फायलीत येऊन बसतो. मृत्यूच्या दाखल्यावर तोपर्यंत ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे लिहून झालेले असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत अतिमात्रेने झालेल्या मृत्यूंची संख्या वर्षाला हजाराच्याही आत दिसते. सुईने नशा घेणारेच साडेआठ लाख असलेल्या देशात ही संख्या विश्वास ठेवण्यासारखी नाही.

नोंद तुटली की काय होते याचा धडा अमेरिकेत मिळतो. तिथे आधी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्या, 2010 च्या सुमारास हेरॉइन आणि 2013 पासून बेकायदा बनवलेले फेंटानिल अशा तीन लाटा आल्या. रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत नशेमुळे येणाऱ्यांची नोंद ठेवणारी ‘डॉन’ ही योजना 1970 च्या दशकापासून सुरू होती, ती 2011 नंतर बंद करण्यात आली. फेंटानिल आले तेव्हा ती अस्तित्वात नव्हती. मृत्यूच्या कित्येक दाखल्यांवर नेमका पदार्थही लिहिलेला नसे. पुढे डॉन नव्याने उभारावी लागली आणि 2021 ते 2023 या प्रत्येक वर्षी तिथे एक लाखाहून अधिक माणसे अतिमात्रेने मेली. देखरेख असती तर हे सारे टळले असते असे नाही. पण बाजारात काय आले आहे हे कळायला गेलेला काळ माणसांच्या जिवावर बेतला, हे खरे.

कुणालाही काही न विचारता उत्तर मिळवण्याची एक रीत गेल्या वीस वर्षांत पुढे आली आहे. मिलानच्या मारिओ नेग्री संस्थेतील एत्तोरे झुक्कातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये इटलीच्या पो नदीचे पाणी तपासले. शरीरात गेलेल्या कोकेनचे यकृतात बेन्झॉइलएक्गोनीन हे द्रव्य बनते आणि लघवीतून बाहेर पडते. नुसते कोकेन कुणी संडासात ओतून दिले असेल, पण हे द्रव्य माणसाच्या शरीरातून गेल्याशिवाय फारसे तयार होत नाही. सुमारे 50 लाख लोकवस्तीचे सांडपाणी घेऊन वाहणाऱ्या त्या नदीत दिवसाला 4 किलो कोकेनचा अंश सापडला. 100 मिलिग्रॅमची एक मात्रा धरली तर हे रोजचे 40 हजार डोस होतात, आणि सरकारी अंदाज याच्या आसपासही नव्हता. आता युरोपात 2011 पासून दरवर्षी एक आठवडा अनेक शहरांतल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर चोवीस तासांचे मिश्र नमुने घेतले जातात. शनिवार-रविवारी कोकेन आणि एक्स्टसी चढते, सोमवारी उतरते, हे त्यात स्वच्छ दिसते. ऑस्ट्रेलियाने 2016 पासून असा राष्ट्रीय कार्यक्रमच चालवला आहे.

मुंबईला सांडपाण्याचे नमुने नवे नाहीत. पोलिओचा विषाणू शोधण्यासाठी इथे 2001 पासून ते घेतले जात आहेत. तरीही ही रीत उचलून इकडे बसवताना दोन गोष्टी आड येतात. आपल्या शहरांत निम्मे-शिम्मे मैलापाणी गटारात न जाता नाल्यात किंवा शोषखड्ड्यात जाते, त्यामुळे किती माणसांचे पाणी तपासले हे सांगता येत नाही. दुसरी अडचण रसायनशास्त्राची. हेरॉइनची खास ओळख सांगणारे द्रव्य थोडेच बनते आणि टिकत नाही. उरते ते मॉर्फिन, जे रुग्णालयातल्या औषधातूनही येते. म्हणजे भारताच्या मुख्य दुखण्यापाशीच हे तंत्र लंगडे पडते. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, यासाठी मात्र मुंबई-पुण्यात त्याचा उपयोग करून पाहण्यासारखा आहे.

पोलिसांनी पकडलेल्या मालाचे आकडे सर्वात जास्त छापले जातात आणि सर्वात जास्त दिशाभूल करतात. 2024 च्या फेब्रुवारीत दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या कारखान्यातून पुणे पोलिसांनी मेफेड्रोनचा प्रचंड साठा जप्त केला. त्यातून पोलिसांची कामगिरी कळते, पुण्यात ते घेणारे किती हे कळत नाही. छापे वाढले की जप्ती वाढते, वापर तेवढाच असला तरी. जप्त मालाचा खरा उपयोग प्रयोगशाळेत आहे. पुडीत काय मिसळले आहे, त्याची तीव्रता किती, नवे द्रव्य कोणते, हे आरोग्ययंत्रणेला तातडीने कळले तर इशारा देता येतो. युरोपीय संघाने 1997 पासून अशी पूर्वसूचना यंत्रणा चालवली असून लिस्बनच्या केंद्रातून साडेनऊशेहून अधिक नव्या द्रव्यांवर लक्ष ठेवले जाते. आपल्याकडे मेफेड्रोन एनडीपीएसच्या यादीत आले 2015 च्या फेब्रुवारीत. त्याआधीच मुंबईच्या मनोविकारतज्ज्ञांकडे झोप उडालेली, संशयाने पछाडलेली मुले येऊ लागली होती. दवाखान्याची खबर कायद्याच्या पुढे असते, पण ती लिहून घेणारे कुणी हवे.

पोलीस आकड्यांत मुळीच न दिसणारीही एक नशा आहे. व्हाइटनर, पंक्चर काढण्याचे सोल्यूशन, थिनर हुंगणे. यात गुन्हा नाही, जप्ती नाही, बातमी नाही. 2019 च्या अहवालात हाच एक वर्ग असा निघाला की ज्यात 10 ते 17 वयाच्या मुलांतले प्रमाण 1.17 टक्के आणि प्रौढांतले 0.58 टक्के, म्हणजे मुलांत दुप्पट. सुमारे 4.6 लाख मुलांना यासाठी मदतीची गरज होती. रेल्वे स्थानकावर रुमाल नाकाशी धरून बसलेला मुलगा रोज हजारो लोकांना दिसतो, नोंदीत मात्र ही नशा पाहणी झाली तेव्हाच आली.

या सगळ्या माहितीला एक अट आहे. आरोग्यासाठी सांगितलेले नाव पोलिसांकडे जाता कामा नये. एनडीपीएसच्या कलम 64-अ नुसार स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, पण वस्तीतल्या माणसाचा अनुभव कलमापेक्षा बलवान असतो. एकदा पाहणीनंतर धरपकड झाली की त्या भागात पुढची दहा वर्षे कुणी कुपन घेणार नाही. म्हणून नावाऐवजी संकेतांक, लहान वस्तीचे किंवा एखाद्या शाळेचे आकडे वेगळे न छापणे आणि सांडपाण्याचा नमुना एकाच वसतिगृहाच्या गटारातून न घेणे, हे नियम काटेकोर पाळावे लागतात.

महाराष्ट्रात यासाठी लागणारा कच्चा माल बहुतांशी तयार आहे. व्यसनमुक्ती केंद्रांचे केसपेपर सामाजिक न्याय खात्याच्या वाटेने जातात, तातडीच्या विभागातल्या नोंदी रुग्णालयांत असतात, सुयांच्या कार्यक्रमाचे आकडे एड्स नियंत्रण संस्थेकडे आणि व्हिसेऱ्याचे अहवाल गृहखात्याकडे. प्रत्येक जिल्ह्याच्या शल्यचिकित्सकाने दर तीन महिन्यांनी, नावे गाळून, या चार ठिकाणचे आकडे एका पानावर आणावेत आणि ते पान लोकांसाठी खुले करावे. त्याला नवा कायदा लागत नाही. देशाची पुढची पाहणीही 2018 च्याच वयोगटांत, त्याच प्रश्नांनी व्हायला हवी. 2018 च्या पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 माणसांपैकी एकालाच काही उपचार मिळाला होता, आणि रुग्णालयात दाखल होता आले होते 180 पैकी एकाला. पुढच्या अहवालात सगळ्यात आधी हेच दोन आकडे पाहावे लागतील.